किसनअण्णांचा कायदेशीर आवाज

चाकणच्या एका कंपनीत माझं काम असं होतं, की नवी मोटरसायकल बाजारात जाण्याआधी ती सरकारी नियमांत बसते हे कागदावर सिद्ध करायचं. दिवा किती उंचीवर, आरसा केवढा, आवाज किती. या कामाबद्दल जगात कुणालाही कुतूहल नाही. लग्नकार्यात पाहुणे विचारतात, "सध्या काय चाललंय?" आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच त्यांना कुणीतरी जुनं ओळखीचं दिसतं. म्हणून चिखलीत भाड्याने घर बघायला गेलो आणि माझी नोकरी ऐकून घरमालकांनी खुर्ची माझ्याकडे ओढली, तेव्हा मला थोडा संशयच आला.

"म्हंजी गाडीचा कायदा तुमाला पाठ हाय," ते म्हणाले.

"पाठ नाही. बघावा लागतो."

"बघता तरी. हितं कुनी बघत बी न्हाई."

हे किसनअण्णा. सत्तरीचे, उंच, काटक, पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि टोपी. चिखलीतलं जुनं शेतकरी घराणं. शेताच्या जागी आता तीन मजली इमारत उभी होती. तळमजल्यावर गाळे, पहिल्यावर अण्णा आणि पारूकाकू, वर आम्ही भाडेकरू. भाडेकराराचा मसुदा एजंटाने आणला होता. असे मसुदे सही करण्यासाठी असतात, वाचण्यासाठी नव्हे, ही सर्वसाधारण समजूत अण्णांना मान्य नव्हती. त्यांनी तो ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचला. "भाडेकरूने भिंतीस खिळे ठोकू नयेत" या कलमाशी बोट थांबलं.

"मंग कॅलेंडर कुठं लावनार तुमी?"

मी म्हटलं, खिळा ठोकूनच लावीन, सगळेच लावतात. अण्णांनी एजंटाकडे पाहिलं आणि ते कलम खोडायला लावलं. दोघांच्या सह्या घेतल्या. नियम आहे तर पाळायचा, पाळण्याजोगा नसेल तर खोडायचा, पण तसाच ठेवून मोडायचा नाही, असं त्यांचं साधं धोरण होतं. इतकं साधं धोरण असलेला माणूस आपल्याकडे चमत्कारिक ठरतो. तसे ते गावात ठरलेलेच होते.

त्यांचं एक वाक्य साऱ्या आळीला माहीत होतं: "कुठं लिवलंय?" मंडळाची पोरं गणपतीच्या आधी आली, म्हणाली, "अण्णा, मांडवासाठी पार्किंग मोकळं करावं लागंल." अण्णांनी विचारलं, "करावं लागंल असं कुठं लिवलंय?" एका पोराने दरवर्षीचा रिवाज आहे म्हणून सांगून पाहिलं. अण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "लिवलेलं न्हाई. म्हंजी ही माझी मर्जी. आन माझी मर्जी हाय. घ्या जागा." स्वतः खाली येऊन त्यांनी गाड्या हलवायला मदत केली. जागा द्यायला त्यांची कधीच ना नव्हती. सक्ती कुठली आणि मर्जी कुठली, एवढंच त्यांना वेगवेगळं ठेवायचं असे.

या सवयीचं मूळ ते कधी फार उगाळत नसत. परिसरात कंपन्या जमिनी घेऊ लागल्या तेव्हा ते पोरसवदा होते. तोंडी बरंच काही ठरलं होतं आणि कागदावर वेगळंच निघालं, एवढंच एकदा बोलले. तेही हसत. "आमच्या बापानं कागद वाचला न्हाई. मी सगळ्या गावाचं वाचतो आता."

अण्णांच्या मालकीची एकच गोष्ट अशी होती, की जिच्यापुढे ते वाचणंबिचणं विसरत. ती म्हणजे त्यांची मोटरसायकल. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. काळी टाकी, जाड सीट, आणि आवाज असा की कुणीतरी लांबवर निवांतपणे उखळात कांडतंय. ठुक, ठुक, ठुक. मोठा अजिबात नव्हता. पण कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी गाडी वळली, की पहिल्या मजल्यावर पारूकाकू चहाचं आधण ठेवत. अण्णा गाडी लावून, हेल्मेट काढून, खिशातली टोपी झटकून डोक्यावर ठेवून जिना चढत, तेव्हा चहा उकळत असे. या व्यवस्थेत मोबाइलने काहीही सुधारणा केलेली नव्हती.

हेल्मेटचं सांगायचंच तर दूध आणायला जातानाही ते हेल्मेट घालत. पट्टा लावल्याखेरीज किल्लीला हात नाही. दुधाचं दुकान इमारतीतून दिसायचं. लोक हसत. अण्णा म्हणत, "दुधाला जाताना घालू नये, असं कुठं लिवलंय?"

तर या गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. जुन्या गाड्यांना दर काही वर्षांनी आरटीओपुढे उभं राहून आपण अजून रस्त्यावर चालण्याच्या लायकीच्या आहोत हे दाखवावं लागतं. माणसांना असा नियम नाही हे बरं आहे. अण्णा गाडी पुसून, कागद लावून गेले. तपासणाऱ्या निरीक्षकाने खाली वाकून सायलेन्सरला बोट लावलं आणि बोट आत गेलं. खालून सारा गंजून चाळण झाला होता. निरीक्षक सभ्य होता. म्हणाला, "आजोबा, बाकी गाडी झकास आहे. सायलेन्सर नीट बसवून आणा, मग पास करतो. असाच राहिला तर मला नाही करता येणार." पास झाली नाही तर गाडी भंगारात, हे त्याने सांगितलं नाही, पण अण्णांनी ते वाचलेलं होतं.

तळमजल्यावरच्या एका गाळ्यात यासीनभाईंचं गॅरेज होतं. पन्नाशीचे, गोल, सदा हातात चहाचा ग्लास. अण्णांशी त्यांचं बोलणं म्हणजे अखंड चाललेलं एक मैत्रीचं भांडण. गाळ्याच्या भिंतीवर सायलेन्सर टांगलेले असत. लांब, आखूड, चकचकीत. कुणी पंजाबी म्हणायचं, कुणी इंदोरी. कुठलंही गाव असो, काम एकच. झोपलेल्या माणसाला उठवणं.

"कंपनीचा मिळणार नाय अण्णा," यासीनभाई म्हणाले. "कंपनीच नाय राहिली. मी जुन्या बाजारात फोन केले, हैदराबादला केला. जे आहेत ते तुमच्यापेक्षा जास्त गंजलेत."

"मंग बाहेरचा बसव. पन कायद्यात बसनारा."

"कायद्यात बसणारा कोण मागतो माझ्याकडं? मागायला येतात ते कायद्यातून उठलेलेच."

अण्णांनी भिंतीवरचा एक खोका काढला, चष्मा लावला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचली. "फक्त शर्यतीच्या मैदानासाठी, असं लिवलंय ह्याच्यावर. चिखलीत शर्यतीचं मैदान कुठं हाय यासीन?"

"रात्रीचा स्पाइन रोड," यासीनभाई म्हणाले आणि चहा प्यायले.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला गॅलरीत बोलावलं. कायदा काय म्हणतो ते सांगा, नुसतं तोंडी नको, काढून दाखवा. माझ्या आयुष्यात मला हे असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी मोबाइलवर नियम काढले. एक, गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे आणि त्याने इंजिनाचा आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे. दोन, इंजिनाच्या आकाराप्रमाणे आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. तीन, नोंदणीच्या पुस्तकात जी माहिती आहे ती बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. चार, धुराची चाचणी उत्तीर्ण हवी. आणि विमा कंपनीला कळवलेलं बरं.

"पहिल्यांदा ते पहिलं वाचा पुन्हा."

"शक्य तितका कमी."

"शक्य तितका म्हंजी किती?"

"म्हणजे जेवढा शक्य आहे तेवढा."

"आन शक्य किती हाय ते कोन ठरवनार? यासीन ठरवनार का हवालदार ठरवनार?"

कायदे लिहिणाऱ्यांनी असल्या एकदोन शब्दांवर स्वतःची निवृत्ती सुखाची केलेली असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढे आकड्यात मर्यादा दिली आहे, असं म्हणालो.

"मंग मापा."

मी मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप दाखवलं. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्याच्यावर शिक्का कुनाचा हाय?" शिक्का कुणाचाच नव्हता. अ‍ॅप तिथेच बाद झालं.

मग ते नोंदणीच्या पुस्तकाकडे वळले. चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, बसणाऱ्यांची संख्या. सायलेन्सरचा रकाना नव्हता. अण्णांना फार बरं वाटलं. "म्हंजी बदलला तरी ह्यातलं काय बदलत न्हाई. फकस्त आवाज कंपनीच्या गाडीवानी पायजे."

इथे खरी अडचण सुरू झाली, कारण कंपनीच्या गाडीचा आवाज कसा होता हे सांगायला कंपनी नव्हती. आमच्याकडे अशा वेळी जुना अहवाल काढतात. या गाडीचा अहवाल एकाच ठिकाणी होता. पारूकाकूंच्या कानात.

पुढचे काही दिवस आमच्या इमारतीत जी चाचणी झाली, तशी मी नोकरीत कधी पाहिली नाही. आमच्या कंपनीत धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना ध्वनिग्राहक लावतात. वारा ठरावीक वेगापेक्षा जास्त असला तर चाचणी थांबते. डांबर कुठल्या प्रतीचं यावर सुशिक्षित माणसं दिवसभर भांडतात. इथे धावपट्टी म्हणजे पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंतचा रस्ता, आणि ध्वनिग्राहक स्वयंपाकघरात भाकरी थापत असायचा. यासीनभाई सायलेन्सर बसवायचे, अण्णा हेल्मेट घालून टाकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. काकूंना आधी काही सांगायचं नाही, ही एकमेव अट.

पहिला बाजारातला तयार बसवला. अण्णा टाकीशी वळायच्या आतच काकू पिठाच्या हातांनी गॅलरीत आल्या. "कुनाचं कार्टं आलंय हे?" त्यांनी खाली ओरडून विचारलं. खाली त्यांचं स्वतःचं कुंकू हेल्मेट काढत होतं.

दुसरा यासीनभाईंनी एका नव्या गाडीचा आणला. तो इतका मुका होता की अण्णा वर येऊन काकूंच्या मागे उभे राहिले तरी त्यांना पत्ता नव्हता. वळल्या तेव्हा हातातलं उलथनं पडलं. "चोरावानी काय येताय घरात? या वयात जीव घेता का माझा?"

"कायद्याने एकदम फस्क्लास होता," अण्णा खाली येऊन म्हणाले.

"मग ठेवा," यासीनभाई म्हणाले.

"नगं. चहा न्हाई मिळाला."

तिसरा यासीनभाईंनी स्वतः बनवला. एका बाजारी सायलेन्सरचं नुसतं कवच घेतलं, आत भोकं पाडलेली नळी बसवली, आवाज अडवायला मधे पडदे घातले आणि भोवती काचेची लोकर गुंडाळली. अण्णा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक पडदा आत जाताना बघत होते, जणू सुनेचे दागिने मोजून डब्यात चाललेत. गाडी टाकीशी वळली. स्वयंपाकघरातून काहीच प्रतिक्रिया आली नाही. गाडी फाटकात आली तेव्हा काकू गॅलरीत आल्या आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

"हे आपलंच हाय," त्या म्हणाल्या. "पन सर्दी झाल्यावानी वाटतंय."

यासीनभाईंनी कपाळाला हात लावला, सायलेन्सर पुन्हा उघडला आणि थोडी लोकर काढली. मग अजून थोडी. संध्याकाळी अण्णा टाकीशी वळले, आणि मी जिन्यात उभा होतो तिथपर्यंत पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला. यासीनभाईंनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पास."

सरकारच्या लेखी मात्र अजून काहीच पास नव्हतं. आवाज मर्यादेत आहे असं मला माझ्या अनुभवावरून वाटत होतं, पण अण्णांना वाटण्यात रस नव्हता. सुट्टीचा दिवस धरून मी त्यांच्यामागे बसलो, दोघांनी पट्टे लावले आणि आम्ही आरटीओकडे निघालो.

वाटेतल्या चौकात वाहतूक पोलिसांची नाकाबंदी होती. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरविरुद्ध मोहीम चालू होती. सेल्फी काढण्याच्या वयाचा एक हवालदार पुढे आला, वाकून त्याने सायलेन्सर पाहिला आणि म्हणाला, "कंपनीचा नाही हा."

"कंपनीच न्हाई, तर कंपनीचा कुठून येनार?"

"ते मला माहीत नाही काका. कंपनीचा नसेल तो काढायचा, असा आदेश आहे. गाडी मैदानात घ्या."

मैदान शेजारीच होतं, आणि तिथे सोहळा होता. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचा जाहीर कार्यक्रम. मांडव, खुर्च्या, लाल गालिचा, प्रमुख पाहुण्यांचा माणसापेक्षा मोठा फोटो, आणि मधोमध झेंडूच्या माळा घातलेला, कुंकू लावलेला रोडरोलर. त्याच्या चाकासमोर सायलेन्सर ओळीने मांडले होते, रसवंतीसमोर ऊस मांडावा तसे. ध्वनिक्षेपकावर देशभक्तीची गाणी इतक्या जोरात लागली होती, की ध्वनिप्रदूषणाविषयीचे फलक थरथरत होते.

अण्णांनी यासीनभाईंना फोन लावला. ते दहा मिनिटांत स्कूटरवरून आले, समोरची मांडणी पाहिली आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हा माझ्याकडचा," ते ओळीकडे बघत हळूच म्हणाले. "तो पण माझ्याकडचा. तो लांबडा तर गेल्याच आठवड्यातला."

"गप उभा राहा," अण्णा म्हणाले. "तुला विचारलंय का कुनी?"

हवालदार पाना घेऊन सायलेन्सर खोलायला बसला आणि हात मागे घेऊन बोटं फुंकू लागला. सायलेन्सर तापलेला होता.

"निवू द्या जरा," अण्णा प्रेमाने म्हणाले. "तवर मला सांगा, कंपनीचा नसंल तो बेकायदा, असं कुठं लिवलंय?"

हवालदाराने आदेश असं म्हटलं. अण्णांनी आदेश बघायला मागितला. हवालदाराकडे तो व्हॉट्सअ‍ॅपवर होता. अण्णांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचला. "विहित मर्यादेपेक्षा जास्त आवाज करनारे, असं लिवलंय. कंपनी हा शब्दच न्हाई ह्यात. बघा." हवालदाराने बघितलं आणि मग मॅडमना बोलावलं.

मॅडम सहायक निरीक्षक होत्या. तिशीच्या, उन्हाने आणि कार्यक्रमाच्या तयारीने वैतागलेल्या. अण्णांनी त्यांना नमस्कार केला. "बाई, ही गाडी आज पास न्हाई झाली तर भंगारात जाती. सायलेन्सर तुमी चिरडा, माझी ना न्हाई. पन आदी मापा. जास्त भरला तर मीच रोलरखाली ठेवतो, माझ्या हातानं."

हे बोलताना ते हसत होते, पण त्यांचा हात टाकीवरून निघत नव्हता. आम्ही एरवी सगळे यावर विनोद करत असू. त्या क्षणी मला आठवलं की दुसरा सायलेन्सर जगात कुठेच नाही.

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि आवाज मोजायचं यंत्र मागवलं. ते एका पेटीत, पेटी जीपमध्ये, जीपची चावी एका वेगळ्याच साहेबांकडे, असं करत ते आलं. हवालदाराने ते सायलेन्सरजवळ धरलं आणि आकडा वाचला.

"मॅडम, मर्यादेच्या वर आहे. बराच वर."

"गाडी बंद हाय," अण्णा म्हणाले.

मॅडमनी यंत्राकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि मग सावकाश मान वळवून मांडवाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्याकडे पाहिलं.

"तो बंद करा."

"मॅडम, पाहुणे पोचतायत," मांडववाला म्हणाला.

"बंद करा तो."

गाणी थांबली. आणि त्या शांततेत लांबून एक वेगळाच आवाज येऊ लागला. आधी दिवाळीचा, मग डोंगर फोडल्याचा. प्रमुख पाहुणे येत होते. कार्यकर्त्यांनी त्यांच्या स्वागतासाठी मोटरसायकलची फेरी काढली होती. गळ्यात उपरणी, हेल्मेट एकाच्याही डोक्यात नाही, आणि झाडून सगळ्या गाड्यांना फटाके फोडणारे सायलेन्सर. मधे उघड्या जीपमध्ये पाहुणे हात जोडून उभे. सायलेन्सर चिरडायला निघालेल्या माणसाला सायलेन्सरच्या गजरात आणण्याची कल्पना ज्याला सुचली असेल, त्याच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. आमच्या भागात स्वागत असंच करतात. त्यात चूक असेल असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

हवालदाराच्या हातातलं यंत्र चालूच होतं. आकडा चढत होता आणि तो बिचारा तो अजूनही मोठ्याने वाचत होता.

फेरी मांडवाशी थांबली. पाहुणे उतरले, मॅडमना म्हणाले, "वा, तयारी छान आहे."

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "या गाड्या इथेच बंद करायला सांगा. आणि चाव्या माझ्याकडे द्यायला सांगा."

पाहुणे मुरलेले होते. समोर कॅमेरे होते. त्यांना कळायला एका श्वासापेक्षा जास्त वेळ लागला नाही. मागे वळून ते पोरांवर कडाडले, "मी कालपासून काय सांगतोय तुम्हाला? लाज वाटते का?"

फेरीतला पुढचा पोरगा निरागसपणे म्हणाला, "दादा, तुमीच म्हनाला होता ना, दणक्यात या."

कॅमेरे बराच वेळ वेगवेगळ्या दिशांना बघत राहिले. यासीनभाई माझ्या पाठीत तोंड खुपसून हसत होते. मला त्यांचं हसू बरगड्यांत जाणवत होतं.

आता मैदानात अपूर्व शांतता होती. गाणी बंद, फेरी बंद, भाषण सुरू करता येत नव्हतं, कारण मोजणी संपेपर्यंत माइक लावायचा नाही असं मॅडमनी सांगितलं होतं. प्रमुख पाहुणे, मांडववाला, कार्यकर्ते, पोलीस आणि माळा घातलेला रोडरोलर, सगळे अण्णांसाठी थांबले होते. अण्णांनी टोपी घडी करून खिशात ठेवली, हेल्मेट घातलं, पट्टा लावला.

"काका, जागेवरच चालू करायचीय," हवालदार म्हणाला.

"असू द्या."

पहिल्या किकला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. यासीनभाईंचं हसणं थांबलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. ठुक, ठुक, ठुक. हवालदाराने यंत्र कुठे धरायचं हे मी त्याला सांगितलं. माझ्या नोकरीचा समाजाला झालेला हा एकमेव प्रत्यक्ष उपयोग. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे गाडी रेझ केली आणि सोडली. पुन्हा केली. हवालदाराने आकडा मॅडमना दाखवला. मॅडमनी तो दोनदा पाहिला.

"मर्यादेच्या आत आहे," त्या म्हणाल्या. आणि मग, ज्याची गरज नव्हती असं एक वाक्य बोलल्या. "छान आवाज आहे काका."

अण्णांनी गाडी बंद केली. हेल्मेट काढायलाही विसरून ते म्हणाले, "लिवून द्या."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी ते लिहून दिलं, खाली सही केली, शिक्का मारला. अण्णांनी ते बोट ठेवून वाचलं, एका ठिकाणी गाडीच्या नंबरातला आकडा चुकला होता तो दुरुस्त करून घेतला, आणि त्यावर मॅडमची छोटी सही मागितली. ती मिळाली.

कार्यक्रम मग यथासांग झाला. फेरीतले ताजे सायलेन्सर खोलून ओळीत ठेवले गेल्याने तो अपेक्षेपेक्षा भरगच्च झाला. कर्णा पुन्हा लावायचं कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून पाहुणे माइकशिवाय थोडक्यात बोलले, आणि ते त्यांचं सर्वोत्तम भाषण असावं. मग त्यांनी हिरवा झेंडा दाखवला, रोलर पुढे सरकला आणि पत्रा असा किंचाळला की पहिल्या रांगेने कान झाकले. हवालदाराने यंत्र अजून बंद केलं नव्हतं. त्या दिवसाचा सर्वांत मोठा आकडा तेव्हा आला.

आरटीओत निरीक्षकाने कागद वाचला, वाकून सायलेन्सरला बोट लावलं, ते आत गेलं नाही. गाडी पास झाली. अण्णांनी मला घरी सोडलं नाही. यासीनभाईंना मागून यायला सांगून ते आम्हाला आळंदीला इंद्रायणीकाठी घेऊन गेले आणि भज्यांच्या गाडीसमोर उभं केलं. यासीनभाईंनी विचारलं, "हे कुठं लिवलंय अण्णा?"

"न्हाई लिवलेलं," अण्णा तोंडात मिरची धरून म्हणाले. "ही मर्जी."

पुढे बायकोची नोकरी बदलली आणि आम्ही वाकडला एका टॉवरमध्ये राहायला गेलो. तिथे नियमांची छापील पुस्तिका आहे. ती वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते कंपनीच्या बसमधून. चाकण रस्त्यावर सकाळची कोंडी होती. कंटेनर, ट्रेलर, टेम्पो, सगळे एकमेकांना अडवून हॉर्न वाजवत उभे. खाली दोन कंटेनरच्या मधे ती काळी टाकी दिसली. अण्णा हेल्मेट घालून, मागे पारूकाकू हेल्मेट घालून, पदर नीट खोचून. मी काच सरकवली आणि हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही. गाडीचा आवाजही ऐकू येणं शक्य नव्हतं. इतके कष्ट घेऊन, सही-शिक्क्यानिशी मिळवलेला तो आवाज त्या गोंगाटात पार बुडून गेला होता, आणि मला उगाच वाईट वाटलं.

मग मला काकूंचा हात दिसला. तो अण्णांच्या खांद्यावर होता, आणि त्यातलं एक बोट शर्टावर हलकेच पडत होतं, उठत होतं, पडत होतं, संथ, एका लयीत. समोरचा कंटेनर हलला. अण्णांनी गिअर टाकला, गाडी पुढे सरकली, आणि बोटाचा वेग थोडा वाढला.